पाचवा गरुड

आवाश, इथिओपिया
शनिवार, ८ ऑक्टोबर २०२२

प्रिय मामा,

नमस्कार. आईचा निरोप मिळाला. गुणाजी सौदीतल्या राबिघहून सारखा विचारतो की आपली स्वप्नाली आफ्रिकेत नेमकं करते काय, आणि मला सांगता येत नाही, असं ती म्हणाली. गावात तिने 'पोपट मोजते' असं सांगून ठेवलंय. म्हणून हे पत्र. फोनचं काही खरं नाही, इथे कॅम्पवर रेंज येत नाही. शनिवारी गावात भाजीला जातो तेव्हा आठवड्याचे मेल एकदम सुटतात. तुम्ही तुमच्या सवयीने वहीत लिहा आणि पानांचे फोटो पाठवा. तुमचं अक्षर आईपेक्षा चांगलं आहे, हे तिला सांगू नका.

मी पोपट मोजत नाही. म्हणजे पोपटही मोजते. या पार्कात आजवर साडेचारशेच्या वर जातींचे पक्षी नोंदले गेलेत आणि त्यांची यादी दरवर्षी नव्याने करणं हे माझं काम. बरोबर हाजरा असते, इथली वनरक्षक. ती इथल्याच गुराख्यांच्या घरातली. मी दुर्बीण लावेपर्यंत तिने पक्ष्याचं नाव, नर की मादी आणि त्याचा मूड सांगितलेला असतो. आमच्या माळढोकाचा थोरला भाऊ शोभेल असा एक पक्षी इथे गवतातून चालतो आणि त्याच्या पाठीवर लालभडक वेडे राघू बसून फिरतात. त्याच्या पायाने किडे उडाले की झेप घेतात आणि परत पाठीवर. फुकटची सवारी. धनेश, सुगरणी, निळ्या चमकत्या मैना, शहामृगं, सगळं आहे. पहिल्या वर्षी मी रोज रात्री आईला पत्र लिहायची ती नुसती नावांनीच भरायची.

पण यादीला दोन पानं आहेत, मामा. एक इथल्यांचं, एक पाहुण्यांचं. इथल्यांचं पान अजून भरतं. पाहुण्यांचं पान, म्हणजे जे थंडीत उत्तरेकडून येतात त्यांचं, दरवर्षी रिकामं होत चाललंय. सगळ्यात वाईट गत एका गरुडाची. मोठा, तपकिरी, तिकडे कझाकस्तानच्या गवताळ मुलखात अंडी घालतो आणि अरबस्तानावरून इथे येतो. हाजरा लहान असताना एकेका बाभळीवर सात-आठ बसलेले असत. गेल्या हिवाळ्यात सबंध पार्कात आम्हाला बावीस दिसले.

ते का येत नाहीत हे शोधायला आम्ही पावणेदोन वर्षांपूर्वी पाच गरुड पकडून त्यांच्या पाठीवर दप्तरासारखं यंत्र बांधलं. उन्हावर चालतं, आणि मोबाइलची रेंज मिळाली की गरुड कुठे आहे ते कळवतं. पहिल्याच परतीला चार यंत्रं गप्प झाली. चारही तुमच्या बाजूला, सौदीच्या पश्चिमेच्या डोंगरात. पाचवा तेवढा पोचला. मी त्याला जावई म्हणते, कारण तो वर्षातून एकदा येतो आणि सगळ्यात चांगल्या झाडावर बसून कोणाकडेही बघत नाही.

जावई आता परत इकडे यायला निघालाय. जानेवारीत निधी देणाऱ्या समितीची बैठक आहे. तो पोचला तर आम्हाला काही सांगता येईल. नाही पोचला तर कॅम्प बंद, यादी बंद, आणि मी घरी येऊन खरंच पोपट मोजेन. तुम्ही तिथे उघड्यावरच फिरत असता. गरुड दिसतात का कधी?

तुमची
स्वप्नाली

*

राबिघ
१७ ऑक्टोबर २०२२

चि. स्वप्नाली हिस मामाचा आशीर्वाद पोचो.

तुझं पत्र खुर्शीदला वाचून दाखवलं, हिंदीत करून. खुर्शीद म्हणजे माझा ड्रायव्हर, बिहारचा, सात वर्षं आम्ही एकाच पिकअपमध्ये एकमेकांचा घाम हुंगतो. तो म्हणाला, "उस्ताद, आपकी भांजी चिड़िया गिनती है और आप खंभे गिनते हो. खानदानी धंदा है." म्हणून तुलाही माझ्या धंद्याची माहिती देतो, म्हणजे शीलाताईला दोघांबद्दल सांगता येईल.

राबिघच्या रिफायनरीच्या पलीकडून एक लाइन पूर्वेला डोंगरात जाते. तिकडच्या वाड्यांना, पंपांना वीज देते. कंपनीकडे तिच्या देखभालीचं काँट्रॅक्ट आहे आणि मी तिचा फोरमन. खांब एकूण चारशे वीस. हसू नकोस, आकडा मी ठरवला नाही. रोज सकाळी पाचला निघायचं, पन्नास-साठ खांब बघायचे, इन्सुलेटर फुटलाय का, तारा जोडणारा जंपर सैल झालाय का, आणि पेट्रोल शीटवर, म्हणजे गस्तीच्या तक्त्यावर, सही करून द्यायची. अकरा वर्षं झाली. वाळवंटात रस्ता विसरेन पण खांबाचा नंबर विसरणार नाही.

गरुड दिसतात. थंडी सुरू झाली की येतात. इथे झाड म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेव्हा बसायला आमचे खांबच. कधी एखादं पाखरू खाली पडलेलंही दिसतं. वाळवंट आहे, चालायचंच.

तुझ्या जावयावर लक्ष ठेवतो. मानपान काय करायचा ते कळव. माझं बाकी बरं आहे. इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं. पुढच्या वर्षअखेर फायनल एक्झिट घेऊन घरी यायचा विचार आहे. ताईला सांग, आंब्याच्या बागेत झोपायला एक खाट राखून ठेव.

तुझा
गुणाजीमामा

*

आवाश
शनिवार, ५ नोव्हेंबर २०२२

प्रिय मामा,

घाईत लिहिते. जावई तुमच्याकडे आहे आणि काहीतरी बिघडलंय. गुरुवारी तो राबिघच्या पूर्वेला आला आणि तेव्हापासून एकाच ठिकाणी आहे. हलत नाही. उंची सांगणारा भाग गेल्या वर्षीच बंद पडलाय, त्यामुळे तो बसलाय की पडलाय हे मला कळत नाही. दिवसातून दोन-तीन ठिपके येतात नकाशावर, सगळे एकमेकांवर.

जागेचा नकाशा सोबत पाठवते. कृपा करून बघून या. तो सापडेपर्यंत मी गावातल्या लॉजवरच थांबते, इथे रेंज आहे. हाजरा म्हणते, दमला असेल, बसला असेल. ती माझ्याकडे न बघता म्हणते.

काय असेल ते खरं सांगा. मला सवय झालीय, चार वेळा ऐकलंय. पण पाचव्यांदा ऐकून मी इथे राहू शकेन असं वाटत नाही.

स्वप्नाली

*

(हे पत्र वहीतच राहिले.)

राबिघ
७ नोव्हेंबर २०२२

चि. स्वप्नाली,

काल सकाळी गेलो होतो. नकाशाची गरज पडली नाही. तो खांब नंबर दोनशे बारा. त्याच्या बुंध्यापासून दोन हातांवर तुझा जावई पडला होता. पंख पसरलेले, उजव्या पंखाची पिसं जळालेली, पायाची बोटं मुठीसारखी आवळलेली. पाठीवर दप्तर होतं. खुर्शीद म्हणाला, "उस्ताद, ये तो सामान के साथ आया है."

पोरी, आता तुला एक सांगतो जे मी कोणाला लिहिलेलं नाही. हा पहिला नाही. खांबाच्या वरची आडवी पट्टी लोखंडाची आणि तार तिच्यापासून वीतभर. लहान पाखरू बसलं तर काही नाही. मोठ्या पाखराने उडताना पंख उघडला की तो पट्टीला आणि तारेला एकदम शिवतो. थंडीच्या चार महिन्यांत दर आठवड्याला पाच, सात, कधी दहा. लाइन ट्रिप होते, दोन मिनिटांत परत येते. खाली पाखरू मिळालं असं शीटवर लिहिलं तर चौकशी, काँट्रॅक्टवर डाग, मग फोरमनचं डोकं. मी नवीन होतो तेव्हा जुन्या फोरमनने एक फावडं दिलं आणि शिकवलं की खांबापासून दहा पावलांवर पुरायचं आणि शीटवर 'क्लिअर' लिहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते फावडं अजून गाडीत आहे.

तुझी ती चार यंत्रंही माझ्याच लाइनवर गेली का ते माहीत नाही. माझ्या हाताला लागली नाहीत. पण आमच्यासारख्या लाइनी या डोंगरात पुष्कळ आहेत आणि फावडी पण.

जावयाला पुरला. पट्टे पक्कडने कापून यंत्र काढलं, पुसलं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं. तुला कुरियर करतो. तू म्हणालीस खरं सांगा, म्हणून

तुझा मेसेज आत्ता आला. 'मामा, तो हलला. अडतीस किलोमीटर. जिवंत आहे. मी लॉजच्या पायऱ्यांवर बसून रडतेय आणि हाजरा मला पाणी पाजतेय.'

डॅशबोर्डवर ऊन येतं. मला सुचलंच नाही.

*

राबिघ
८ नोव्हेंबर २०२२

चि. स्वप्नाली हिस आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, बरं वाटलं. मी त्या जागी गेलो होतो, पण तिथे काही नव्हतं. उडून गेला असणार. दमला होता, बसला होता, हाजराचं बरोबर. आता तू कॅम्पवर जा, नीट जेव, ताईला फोन कर. तिचा मला काल फोन आला होता, पोरीचा आवाज बरा नाही म्हणून.

जास्त लिहीत नाही, कामाची गडबड आहे.

गुणाजीमामा

*

आवाश
शनिवार, २६ नोव्हेंबर २०२२

प्रिय मामा,

तुमच्या पाहुण्याच्या तक्रारी ऐका. तीन आठवडे झाले, जावई पुढे यायचं नाव घेत नाही. सकाळी पूर्वेला डोंगराकडे जातो, दुपारी परत, आणि रोज मुक्कामाला कुठे, तर तुमच्या कॅम्पच्या मागे. मी नकाशावर मोजलं, तुमच्या खोलीपासून दोनशे मीटरही नसेल. शुक्रवारी कुठेच जात नाही. कंपनीत लागला की काय? कोणत्या मालकाने ठेवून घेतला, कफील कोण त्याचा?

हसता हसता मला एक सुचलं आणि मग हसू गेलं. कॅम्पच्या पलीकडे गावाचा कचरा डेपो आहे, नकाशावर दिसतो. अरबस्तानात डेपोवर असे गरुड थंडी काढतात हे वाचलेलं आहे. आयतं अन्न मिळतं. म्हणजे मामा, कदाचित आमचे गरुड मरत नाहीयेत. त्यांनी पत्ता बदललाय. समुद्र ओलांडून इथे यायची त्यांना गरज उरली नाही, म्हणून पान रिकामं.

मला इतके दिवस तारांचा संशय होता. चार यंत्रं डोंगरात गप्प झाली ती विजेच्या खांबांवर, असं मी धरून चालले होते. तसं असतं तर जानेवारीत समितीकडे मागणी करणार होते की या वाटेवरच्या खांबांना इन्सुलेटरवर बसवायच्या टोप्या द्या. टोपी प्लास्टिकची असते, एका माणसाचं दहा मिनिटांचं काम, आणि गरुड वाचतो. समिती तयारही होती. राबिघची लाइन यादीत पहिली होती, हे तुम्हाला आत्ता सांगते, रागावू नका. पण तार असेल तर जावई त्या खांबांच्या मधून रोज जा-ये कशी करेल?

तेव्हा एक काम करा. डेपोवर जाऊन डोळ्यांनी बघा. किती गरुड आहेत, पाठीवर दप्तर असलेला दिसतो का. आणि तुमच्या लाइनखाली मेलेले मिळतात का हेही स्पष्ट लिहा. अकरा वर्षं ती लाइन बघणाऱ्या माणसाचा शब्द म्हणून मी अहवालात घालीन. माझ्या दुर्बिणीपेक्षा तो जास्त वजनाचा.

इथे पाण्यावर बगळे उतरलेत. हाजराने काल यादीत एक नवं नाव घातलं, छोटा खंड्या, मीच त्याला दोन वर्षं दुसराच समजत होते. फार दिवसांनी इथे चांगलं वाटतंय.

तुमची
स्वप्नाली

*

राबिघ
५ डिसेंबर २०२२

चि. स्वप्नाली हिस आशीर्वाद.

उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो आणि चहा गार झाला.

डेपोवर गेलो होतो. गरुड आहेत. पंचवीस-तीस असतील, कचऱ्याच्या ढिगावर कोंबड्यांसारखे बसलेले. त्यात एकाच्या पाठीवर काहीतरी होतं. पाहिला. चांगला धष्टपुष्ट आहे.

लाइनखाली विशेष काही मिळत नाही. शीटा आहेत कंपनीत, सगळ्यांवर माझ्या सह्या आहेत, बघायच्या तर बघोत.

तुझं काम चालू राहावं एवढीच इच्छा. ताई खूश आहे.

गुणाजीमामा

*

आवाश
शनिवार, २१ जानेवारी २०२३

प्रिय मामा,

बैठक झाली. माझं काम दोन वर्षांनी वाढलं. अहवाल सगळ्यांना आवडला, 'गरुडांनी हिवाळ्याचा मुक्काम बदलला' असं त्याचं सार. तुमचं नाव आहे त्यात, 'स्थानिक अनुभवी निरीक्षक, अकरा वर्षं'. आईला त्या पानाचा फोटो पाठवलाय, ती फ्रेम करायला निघालीय.

टोप्यांची मागणी समितीने रद्द केली. त्याचे पैसे दुसऱ्या खंडातल्या दुसऱ्या पक्ष्याला गेले, आणि हा विषय आता तीन वर्षांनी निघेल. मला वाईट वाटत नाही, गरज नव्हती तर कशाला?

फक्त एक. पार्कात यंदा आतापर्यंत नऊ गरुड मोजले. बावीसचे नऊ. बाकीचे डेपोवर मजेत आहेत असं मी हाजराला सांगते. ती म्हणते, असतील. मग ती ज्या झाडावर ते बसायचे तिकडे बघत राहते. तिला माझा इंग्रजी अहवाल वाचता येत नाही, पण तिला तो पटलेला नाही हे मला कळतं.

तुमची
स्वप्नाली

*

राबिघ
शुक्रवार, ३ फेब्रुवारी २०२३

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद लिहीत नाही. ते देण्याचा अधिकार या पत्राला नाही.

सोबत आधी वहीतली ती पानं पाठवतो, सात नोव्हेंबरची. ती वाच. मग पुढे.

वाचलीस? तुझा जावई तेव्हाच मेला होता. मी तीन महिने त्याला गाडीतून फिरवतोय. डोंगरात जायचा तो मी जायचो. दुपारी परत यायचा तो मी यायचो. डेपोवर मी गेलोच नाही. पंचवीस-तीस गरुड मी या वहीच्या पानावर बसवले.

सुरुवातीला तुझा आनंद मोडवेना, एवढंच होतं. चार दिवसांनी सांगू, आठ दिवसांनी सांगू. ताई फोनवर म्हणायची, पोरगी परत हसायला लागली. मी यंत्र रोज सकाळी उन्हाकडे तोंड करून ठेवायचो, देवाला फूल वाहावं तसं. खुर्शीद बोलायचा, "उस्ताद, गुनाह लगेगा." मी त्याला गप्प बस म्हणायचो. अकरा वर्षं मी एकच शिकलोय, काही सापडलं नाही असं लिहिलं की सगळ्यांचं भलं होतं. मला वाटलं तुझंही होईल. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

पण तेवढं सांगून सुटता येणार नाही. सव्वीस नोव्हेंबरचं तुझं पत्र आलं, त्यात टोप्यांचं होतं. ते मी पाच वेळा वाचलं. मला तेव्हा नीट कळलं होतं की खरं लिहिलं तर माझ्या लाइनला टोप्या मिळतात आणि खोटं लिहिलं तर नाही मिळत. आणि हेही कळलं होतं की खरं लिहिलं तर कंपनी विचारेल, गुणाजी, मग अकरा वर्षं या सह्या कशाच्या? फायनल एक्झिटला एक वर्ष उरलेलं. मी नऊ दिवस विचार केला आणि स्वतःला वाचवलं. तुला नाही, जावयाला नाही. हे लिहून ठेवतो म्हणजे पुढे कधी मी स्वतःला भोळा म्हणवून घेणार नाही.

परवा वाळूचं वादळ येऊन गेलं. काल सकाळी दोनशे पाच ते दोनशे तीस या सव्वीस खांबांखाली एकोणीस मिळाले. वादळातून टेकायला उतरले असतील. खुर्शीदने फावडं काढलं आणि मग परत गाडीत टाकलं. म्हणाला, "आज मुझसे नहीं होगा." मी पण नाही पुरले. सगळ्यांचे फोटो काढलेत, खांबाच्या नंबरसकट. ते पाठवतो. यंत्र कुरियरने निघालं आहे.

तुझ्या समितीला माझं हे पत्र इंग्रजीत करून दे. मी काय सांगायचं ते कुठेही येऊन सांगतो. नोकरी गेली तर गेली.

गुणाजी

*

आवाश
शनिवार, २५ मार्च २०२३

मामा,

तुमचं पत्र आलं त्याला सात आठवडे झाले. पहिले दोन आठवडे मी तुम्हाला लिहिलेलं सगळं फाडलं, त्यामुळे हे जे येतंय ते गाळून आलेलं आहे असं समजा.

शुक्रवारी सुट्टी घेणारा गरुड. तो विनोद मीच केला होता. माझ्या जागी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी असती तरी तिने विचारलं असतं की हा गाडीच्या रस्त्याने का फिरतो. मी नाही विचारलं. मला तो जिवंत हवा होता. तेव्हा सगळं तुमच्यावर टाकत नाही. पण राग येतो, मामा. येतोच. सकाळी उठल्यावर येतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाकडे बोलू?

मी समितीला लिहिलं. अहवाल मागे घेते, निरीक्षण खोटं होतं, गरुड तारांवर मरतात, हे एकोणीस फोटो. त्यांनी तुमच्या कंपनीकडे विचारणा केली. कंपनीने अकरा वर्षांच्या पेट्रोल शीटा पाठवून दिल्या. एकेका पानावर तुमची सही, पक्षी मिळाला नाही. आणि फोटोंबद्दल कळवलं की एका वादळातली ती घटना आहे, नेहमीची नाही. समितीचं पत्र फार सभ्य आहे. संबंधित फोरमनची दोन परस्परविरोधी विधानं आमच्यासमोर आहेत, त्यातलं पहिलं कागदपत्रांशी जुळतं, असं त्यात लिहिलंय.

तुमचं खोटं खोटं आहे हे सांगायला माझ्याकडे तुमच्याशिवाय साक्षीदार नव्हता. आणि तुम्हाला खोटं पाडायलाही त्यांना तुमच्याशिवाय कोणी लागला नाही.

माझं काम त्यांनी काढून घेतलं. निष्काळजी निष्कर्ष, असं कारण दिलं, आणि ते बरोबर आहे. महिनाअखेर कॅम्प बंद होतोय. यादीची वही हाजराला दिली. पगार नाही, दुर्बीण नाही, तरी ती म्हणते मी लिहीन. तिने मला विचारलं, पाहुण्यांच्या पानावर गरुडाची ओळ ठेवू की काढू?

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिच्याकडे तुमच्या नावाची फ्रेम भिंतीवर आहे, तिथेच राहू दे. मला पत्र लिहू नका असं म्हणणार होते. ते म्हणवत नाही. पण उत्तराची वाट बघू नका.

स्वप्नाली

*

राबिघ
शुक्रवार, २७ ऑक्टोबर २०२३

चि. स्वप्नाली,

उत्तर मागत नाही. ताईकडून कळलं, तू रत्नागिरीला शाळेत शिकवतेस. जेवतेस ना वेळेवर?

मला कामावरून काढलेलं नाही. काढलं असतं तर मी खरं बोललो असा अर्थ झाला असता. इंजिनिअर चैतन्यसाहेब पुण्याचे आहेत, त्यांनी मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही दमलात. उन्हात इतकी वर्षं काढली की असं होतं." शीटवर आता सही दुसऱ्या फोरमनची असते. मी नुसता हेल्पर म्हणून गाडीत बसतो.

एप्रिलमध्ये जुने पाण्याचे जाड पाइप कापून मी टोप्या केल्या होत्या. शटडाउन असेल त्या दिवशी चढून बसवायचो. एकसष्ट खांब झाले. जुलैत साहेबांनी पाहिलं. मान्यताप्राप्त सामान नाही, उन्हात वितळलं तर आग लागेल, असं लेखी आलं. खोटं नव्हतं ते, दोन वितळल्याच होत्या. ज्याने बसवल्या त्यानेच काढाव्यात असा हुकूम. मग ऑगस्टभर मी चढून काढत होतो. गुडघा तेव्हाच गेला.

डिसेंबरला एक्झिट आहे. आंब्याच्या बागेतल्या खाटेवर तू मला झोपू देशील की नाही माहीत नाही, मी झोपू शकेन की नाही तेही माहीत नाही.

ह्या आठवड्यात गरुड यायला लागले. आज सुट्टी, लाइनवर कोणी नसतं, म्हणून खुर्शीदला घेऊन पहाटेच गेलो. दुसरा इलाज सुचला नाही, तेलाचा रिकामा डबा घेतला आणि पाना. दोनशे नऊवर एक बसला होता. जवान होता, पंखाखाली पांढरा पट्टा अजून गेला नव्हता, म्हणजे पहिल्यांदाच निघालेला. तुझ्या आफ्रिकेचं झाड त्याने अजून पाहिलेलंही नसणार. मी खाली उभा राहून डबा बडवला. तो माझ्याकडे बघत राहिला. पंख उघडताना मी डोळे मिटले, मला बघवेना. उघडले तर तो सुखरूप हवेत होता. खुर्शीद म्हणाला, "बच गया, उस्ताद."

मग तो थोडा फिरला आणि दोनशे दहावर जाऊन बसला. आम्ही गाडी पुढे घेतली.

गुणाजी